बंदर दाखवा

थंडी सुरू झाली की बहारीनमधल्या मराठी घरांत पाहुणे सुरू होतात. नोव्हेंबर ते मार्च हा आपला सीझन. पाहुण्यांना फिरवायचा मार्गही आपल्या सगळ्यांचा जवळजवळ एकच. सकाळी अल फतेह मशीद, मग वाळवंटातलं ते एकटं झाड, वाटेत १९३२ सालची तेलाची पहिली विहीर, संध्याकाळी सौदीला जाणाऱ्या पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परत, आणि सगळ्यात शेवटी मॉल. मॉलमध्ये पाहुण्यांचा चेहरा खुलतो आणि आपले पाय दुखायला लागतात. हा मार्ग आम्हाला इतका पाठ आहे की गाडी आपली आपण वळते.

यंदाचे आमचे पाहुणे म्हणजे आमचे सासरे, अप्पा. वय वर्षं एकोणऐंशी, मूळ गाव देवगड, मुक्काम डोंबिवली, नोकरी सबंध हयात मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये. १९६६ साली टॅली क्लार्क म्हणून लागले ते शेड सुपरिंटेंडंट होऊन निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. चिरंजीव आमचे पुण्याला कॉलेजात, त्यामुळे इथे एक खोली रिकामी आणि तिकडे डोंबिवलीत अप्पा एकटे. सौ.ने हट्टाने त्यांना व्हिजिट व्हिसावर आणलं. व्हिसा संपत आला की वाढवायचा, पुन्हा वाढवायचा, आणि होता होईतो परत पाठवायचंच नाही, असा तिचा बेत. तो तिने आम्हाला सांगितला होता, अप्पांना नव्हता.

पहिल्या शनिवारी चहाच्या वेळी आम्ही वरचा मार्ग त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "झाड बघून काय करू? आमच्या सोसायटीत पिंपळ आहे. बंदर दाखवा."

मंडळी, त्याला कारण होतं. विमानं स्वस्त होण्याआधी आपल्यातली माणसं इथे बोटीने यायची. 'ब्रिटिश इंडिया' कंपनीच्या बोटी मुंबईहून निघून कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत असं करत बसऱ्यापर्यंत जात. त्यातली 'दारा' १९६१ साली दुबईजवळ स्फोट होऊन बुडाली, दोनशेवर माणसं गेली. शेवटपर्यंत टिकली ती 'द्वारका'. १९४७ साली बांधलेली ही बोट १९८२ पर्यंत फेऱ्या करत होती. 'गांधी' सिनेमात महात्माजी आफ्रिकेहून परत येतात त्या प्रसंगात दिसते ती हीच. अप्पांनी 'द्वारका' कितीदा जाताना पाहिली याचा हिशेब नाही. डेकवरच्या उतारूंच्या पत्र्याच्या ट्रंका, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, आणि येताना त्याच माणसांच्या हातात टू-इन-वन आणि नायलॉनच्या साड्या. "आम्ही माणसं पाठवायचो ती कुठे उतरायची ते बघायचंय," असं त्यांचं म्हणणं. स्वतः त्यांनी बोटीत पाऊल टाकलं ते माल मोजायला. प्रवासाला कधी नाही.

सुरुवात आम्ही सगळ्यात जुन्या बंदरापासून केली. करबाबाद गावाच्या पुढे समुद्रकाठी जो बहारीनचा किल्ला आहे, तो लांबून फक्त पोर्तुगीज किल्ला वाटतो. खरा तो आहे टेकाड. सहाशे मीटर लांब, तीनशे रुंद, आणि सगळं माणसाने घडवलेलं, म्हणजे एका वस्तीच्या पडझडीवर दुसरी वस्ती, दुसरीवर तिसरी. ख्रिस्तपूर्व २३०० च्या सुमारास सुरुवात आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपाशी शेवट. १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या पुरातत्त्ववाल्यांनी इथे खणायला सुरुवात केली, आणि सुमेरच्या मातीच्या पाट्यांवर ज्याचा उल्लेख सापडतो ते दिलमून हेच, हे हळूहळू पक्कं झालं. २००५ साली युनेस्कोने याला जागतिक वारशाच्या यादीत घातलं.

बुरुजाच्या भिंतीवर हात ठेवून अप्पा म्हणाले, "वसईवाल्यांचंच काम हे." आम्ही वसई पाहिलेली नाही. पण पोर्तुगीजांच्या हातची गवंडीकामाची ओळख ज्याला चिमाजी अप्पांच्या मुलखात झाली, त्याच्याशी वाद कशाला घाला?

त्यांचं खरं लक्ष लागलं ते आतल्या संग्रहालयात, वजनांपाशी. घासून गुळगुळीत केलेले लहानमोठे दगड. पाहुण्यांना ही काचपेटी आम्ही एरवी दोन मिनिटांत उरकतो, पण गोष्ट मोठी आहे. मोहेंजोदडो-हडप्पाला सापडलेली वजनं साधारण १३.७ ग्रॅमच्या पटीत आहेत, आणि दिलमूनची वजनं त्याच मापातली निघाली. इराकमधल्या लोकांचं माप निराळं होतं आणि या मापाला ते दिलमूनचं माप म्हणत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी इथला व्यापारी सिंधू खोऱ्यातल्या व्यापाऱ्याशी त्याच्याच वजनांनी व्यवहार करत होता. उलट बाजूने, गुजरातेत लोथलला इथल्या पद्धतीची गोल मोहोर सापडलेली आहे. आम्ही इंजिनियर असल्याने एककांचं महत्त्व आम्हाला शिकवावं लागत नाही. ग्लासगोला एम. एस्सी. करताना पौंड-इंच आणि किलो-मीटर यांच्या भांडणात आमची एक सबंध टर्म गेली होती. अप्पांनी हेच एका वाक्यात सांगितलं: "दोन्हीकडे काटा एक असला की टॅली क्लार्कला घरी जाऊन जेवता येतं."

तिथून मनामा. वाटेत वर्ल्ड ट्रेड सेंटरचे ते दोन शिडाच्या आकाराचे मनोरे लागले. ही इमारत २००८ सालची. मधल्या तीन पुलांवर तीन पवनचक्क्या, प्रत्येकीचा व्यास २९ मीटर, शक्ती २२५ किलोवॉट. दोन्ही मनोऱ्यांचा आकार असा की समुद्रावरचा वारा मधल्या फटीत घुसताना वेग घेतो. आम्ही हे रंगात येऊन सांगत होतो. अप्पांनी मान वर करून विचारलं, "दोनच फिरतायत. तिसरीची रजा आहे का?"

बाब अल बहारीनपाशी गाडी लावली. ही कमान बांधली १९४० च्या दशकात, सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह साहेबांच्या कल्पनेप्रमाणे. नाव बहारीनचा दरवाजा, कारण तेव्हा समुद्र थेट तिच्या पुढ्यात होता. जवळच कस्टमचा धक्का. मोठ्या बोटी दूर खोल पाण्यात नांगरायच्या आणि उतारू लहान होड्यांतून किनाऱ्याला यायचे. मीना सलमानचं खोल पाण्याचं बंदर झालं ते १९६२ मध्ये, आणि आता मालाची मोठी जहाजं लागतात ती २००९ साली सुरू झालेल्या हिद्दच्या खलिफा बिन सलमान बंदराला. तेव्हा 'आम्ही पाठवलेली माणसं कुठे उतरायची' याचं उत्तर, निदान १९६२ च्या आधीच्या माणसांपुरतं, इथेच कुठेतरी होतं.

अप्पा कमानीकडे पाठ करून उभे राहिले. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे रस्ता, त्याच्यापलीकडे फायनान्शियल हार्बरचे पन्नासेक मजली मनोरे.

"समुद्र कुठाय?"

"मनोऱ्यांच्या मागे. भराव घातलाय," सौ. म्हणाली. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या देशाच्या जमिनीत शंभरएक चौरस किलोमीटरची भर पडली आहे, सगळी समुद्रातून उचललेली. नाव बंदराचं, पण समुद्र बघायचा तर गाडी काढून जावं लागतं, ही तक्रार आपल्या मंडळाच्या प्रत्येक सहलीत कोणीतरी करतंच. अप्पांना वाईट वाटेल असं आम्हाला वाटलं. पण पोर्ट ट्रस्टचा माणूस! "मग त्यात काय? आमचं बॅलार्ड इस्टेट तरी काय आहे? अलेक्झांड्रा डॉक खणला, ती माती तिथे टाकली. १९१४ ते १८. बंदर जागेवर राहात नसतं." आणि खांबाला टेकून पाच मिनिटं तसेच उभे राहिले, बहुधा मनोरे वजा करून बघत असावेत.

सूकमध्ये शिरलो. एका म्हाताऱ्या बहारीनी दुकानदाराने गिऱ्हाइकाला शेंगदाण्यांचा भाव सांगितला, "खम्स रुबिया." अप्पा थबकले. "इथे रुपया चालतो?" चालत होता, १९६५ पर्यंत. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटाच छापल्या होत्या. १९६५ मध्ये दिनार आला तो दहा रुपयांना एक या दराने, म्हणून शंभर फिल्सला जुनी माणसं अजून रुबिया म्हणतात. आज त्याच दिनारला दोनशेच्या वर रुपये मोजावे लागतात, हे आम्ही अप्पांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतंच. टपाल कचेरीही इथे १८८४ साली उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची. बोलण्यात तर आपण जागोजागी सापडतो. पंख्याला बंका, सरळ जा म्हणायचं तर सीदा, आणि कडक चहाचा करक. मागच्या गल्लीत श्रीनाथजींचं मंदिर, थट्टई भाटियांनी १८१७ च्या सुमारास बांधलेलं. २०१९ साली नूतनीकरणाची घोषणा झाली तेव्हा ते सगळ्यांच्या फोनवर झळकलं, पण मुळात ते तेल सापडण्याच्या शंभरावर वर्षं आधीचं आहे. आपण लोक तेलामागून आलो असं सर्रास म्हटलं जातं. तेलाच्या आधी इथे मोती होता आणि मोत्याचा बाजार मुंबईला होता.

मोत्यांच्या एका दुकानात सौ. नुसती बघायला शिरली. आम्ही दाराशी. तेवढ्यात अप्पांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कुंकवाच्या करंड्याएवढी डबी काढली. आत नथ. सासूबाईंची. सौ.लाही ती त्यांनी बरोबर आणल्याचं ठाऊक नव्हतं.

"ही बसऱ्याच्या मोत्याची म्हणून माझ्या आईने हिला घातली होती. तिला तिच्या सासूने. बघा जरा खरंच आहे का."

आपल्या बायकांच्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या सगळ्या 'बसऱ्याच्या' मोत्यांच्या. बसऱ्यात मोती पिकत नाहीत. ते निघायचे इथल्या आणि आसपासच्या समुद्रातून, मुंबईला जाऊन त्यांना भोकं पाडली जायची, प्रतवारी व्हायची, आणि मग ते जगभर जायचे. पॅरिसचे कार्तिये १९१२ साली थेट इथेच येऊन थडकले, तोवर युरोपला मोती पाहायचा तर बहुतेक वेळा मुंबईमार्गेच. दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं, नथ उजेडात फिरवली, बराच वेळ घेतला. मग स्वच्छ हिंदीत म्हणाला, जडणघडण जुनी आहे, रंग आखाती वाटतो, पण नैसर्गिक की कल्चर्ड हे एक्स-रे काढल्याशिवाय शपथेवर सांगता येणार नाही. इथे त्याची प्रयोगशाळा आहे, हवं तर पत्ता देतो. या देशात कल्चर्ड मोत्याच्या व्यापाराला बंदी आहे, त्यामुळे मंडळी या बाबतीत फार काटेकोर. अप्पांनी डबी मिटली. "एक्स-रे नको. तिचे शेवटी फार काढले."

सौ. दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. आम्ही उगाचच एक पेंडंटचा भाव विचारला.

जेवण सूकमध्येच उभ्याउभ्या उरकलं, तंदूरमधली खुबूस आणि करक, आणि मुहर्रकला गेलो. तिथला मोत्यांचा मार्ग साडेतीन किलोमीटरचा आहे. व्यापाऱ्यांची, नाखव्यांची, पाणबुड्यांची मिळून सतरा घरं-वखारी, बू माहिर किल्ला, किनाऱ्याचा तुकडा, आणि दूर समुद्रातले तीन शिंपल्यांचे पट्टे, असं सगळं मिळून २०१२ साली जागतिक वारसा झालं. आम्ही अर्धाच चाललो, अप्पांचे गुडघे लक्षात घेऊन. सियादींच्या घराचं नक्षीकाम पाहून सौ. हरखली. अप्पा अडकले ते पाणबुड्यांच्या सामानापाशी. नाकाला लावायचा चिमटा, पायाला बांधायचा दगड, गळ्यातली टोपली, कमरेचा दोर. उन्हाळ्याचे चार महिने माणसं समुद्रावरच. एकाने खाली जायचं, दुसऱ्याने वर दोर धरून बसायचं. मोसमाआधी नाखव्याकडून उचल घ्यायची, मोसम संपला की हिशेब व्हायचा आणि बहुतेकांच्या अंगावर बाकी निघायची. बाप मेला तर बाकी मुलाच्या नावावर. १९२० च्या दशकात सरकारने प्रत्येक पाणबुड्याला हिशेबाची वही मिळाली पाहिजे असा कायदा केला, तेव्हा नाखवे खवळले होते, आणि गंमत म्हणजे पुढे पाणबुडेही, कारण उचलीवर मर्यादा आली. मग जपानी कल्चर्ड मोती आला, जगात मंदी आली, आणि १९३२ मध्ये तेल लागलं नसतं तर या बेटाचं काय झालं असतं कोण जाणे.

"म्हणजे ती नथ कोणाच्या तरी बाकीतली," अप्पा म्हणाले. एवढंच. मग शुवेतरच्या दुकानातून हलवा घेतला, आणि दिवस कलायला लागला.

आता पब. सौ.चा याला पहिल्यापासून विरोध. अप्पांना पबमध्ये? पण बंदराचं गाव दाखवायचं आणि पब गाळायचा हे आम्हाला पटत नव्हतं. जिथे इंग्रजांचं आरमार नांगर टाकतं तिथे मागोमाग पब येतो. जुफेरला त्यांचा तळ १९३५ पासून १९७१ पर्यंत होता, आज तिथे अमेरिकेचं पाचवं आरमार आहे. शेजारच्या देशात जे मिळत नाही ते इथे हॉटेलांत मिळतं, म्हणून गुरुवार-शुक्रवारी पुलावर गाड्यांची रांग लागते. शनिवारी संध्याकाळी ती मंडळी परतीला लागतात आणि टेबलं मोकळी होतात, हा अनुभवाचा सल्ला नव्यांनी टिपून ठेवावा. रमझानात मात्र जाऊ नये; त्या महिन्यात सगळ्यांनाच पाणी.

अदलियातल्या एका हॉटेलातला हा पब. काळसर लाकूड, पितळेच्या दांड्या, भिंतीवर बाणांची तबकडी, टीव्हीवर फुटबॉल. ग्लासगोला आम्ही पहिल्यांदा पबमध्ये गेलो ते थंडी असह्य झाली म्हणून आणि दोन पौंडांत गरम सूप मिळायचं म्हणून; पब म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे, तो त्या लोकांचा पार आहे, हे तेव्हापासूनचं आमचं मत. सौ.ने लिंबू-पुदिना मागवला. अप्पांनी मेनू नाकाजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, "हाफ पाइंट लागर."

"अप्पा! तुम्ही?"

"पस्तीसेक वर्षं डॉकमध्ये काढली मी. काय फक्त शहाळी प्यायलो असेन?"

वाढायला आलेला मुलगा आमचं बोलणं ऐकून हसला. "काका, जेवणाक काय हाडू?" वेंगुर्ल्याचा निघाला. मग काय, आमचं मराठी बाजूला पडलं आणि त्या दोघांचं मालवणी सुरू झालं. फिश अँड चिप्सला मासा कुठला, तर हामूर. "हो आपलो गोबरोच, काका." पापलेटला इथे जुबैदी म्हणतात, सुरमईला चनाद, ही सगळी शिकवणी अप्पांनी दोन मिनिटांत आटोपली. मासा उत्तम होता. वरचं पिठाचं कवच अप्पांनी सोलून बाजूला ठेवलं. "मच्छीला एवढी रजई कशाला?" शेपर्ड्स पाय म्हणजे खिम्यावर कुस्करलेला बटाटा थापून भट्टीत घातलेला, त्याला मीठ-मिरची मागून घ्यावी. पण शेवटी आलेलं स्टिकी टॉफी पुडिंग मात्र सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. मुळात खजुराचाच केक तो. इंग्रजांनी नाव काही ठेवलं तरी माल इकडचाच.

पुडिंग संपता संपता सौ.ने विषय काढला. खोली रिकामी आहे, डॉक्टर जवळ आहे, व्हिसा वाढवता येतो. डोंबिवलीत आता कोण आहे?

अप्पांनी ग्लास बाजूला केला. "हे बघ बाळ. जहाजातून माल उतरतो तो आधी ट्रान्झिट शेडमध्ये ठेवतात. ठरावीक दिवस फुकट. त्यानंतर डेमरेज लागतं, दिवसागणिक वाढत जातं. माल कितीही चांगला असला तरी शेड त्याचं घर नव्हे."

"तुम्ही माल नाही, अप्पा."

"मी नाही. पण तुमचं काय?" आता ते आमच्याकडे वळले. "जावईबापू, तुम्हाला इथे किती वर्षं झाली? बावीस? कागद किती वर्षांचा?"

"दोन. दर दोन वर्षांनी नवा होतो."

"आणि नोकरी संपली की?"

मंडळी, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या बायकोला अंधारात विचारलेला आहे. २०२२ पासून सरकारने गोल्डन रेसिडेन्सी सुरू केली, आपल्यातल्या काहींनी अर्जही केले. पुण्यात आमचा फ्लॅट आहे, त्यात भाडेकरू राहतो. चिरंजीव जन्मला इथे, पासपोर्ट भारताचा, आणि पुण्याला त्याला मित्र 'दुबईवाला' म्हणतात. आम्ही हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांनी टॅली घेतल्यासारखं ऐकलं, मध्ये एक शब्द नाही. मग म्हणाले, "'द्वारका'च्या डेकवरचे सगळे हेच सांगायचे. दोन वर्षांनी परत. मी त्यांना दहा-दहा वेळा जाताना पाहिलंय."

सौ. म्हणाली, "मग आम्ही काय करावं?"

"मला काय विचारतेस? मी शेडचा माणूस, मालक नव्हे." आणि खिशातून ती डबी काढून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने ती पुन्हा त्यांच्याकडे सरकवली. जाताना घेईन, म्हणाली, आता घेतली तर तुम्ही उद्याच निघाल. बराच वेळ डबी पुडिंगच्या बशीशेजारी तशीच होती. शेवटी वेंगुर्ल्याचा मुलगा टेबल पुसायला आला तेव्हा ती अप्पांनीच उचलली.

बिल आलं. अप्पांनी आकडा दिनारमध्ये बघितला, रुबियात बदलला, आणि टिप आम्ही ठेवली होती त्याच्या दुप्पट ठेवायला लावली. गाववाला होता ना.

परतीचं तिकीट २३ फेब्रुवारीचं आहे. व्हिसा वाढवायचा अर्ज सौ.ने भरून जेवणाच्या टेबलावर ठेवलाय, त्यावर अप्पा रोज चहाचा कप ठेवतात. हा अंक हाती पडेल तेव्हा ते इथेच असतील. मुंबई बंदराच्या गोष्टी ज्यांना ऐकायच्या असतील त्यांनी कुठल्याही शनिवारी संध्याकाळी यावं, फक्त आधी फोन करावा. हल्ली ते तीन-चार वाजता एकटेच चालत समुद्र शोधायला निघतात.